शेवटच्या सिटिंगनंतरचे पंधरा दिवस



कॅन्सरवरच्या व्याख्यानात काय ऐकायला मिळणार, हे आता तुम्हांलाही पाठ झालं असेल. गाठ लागली तर लपवू नका, लवकर दाखवा, तंबाखू सोडा. सगळं खरं आहे, आणि ते सांगणारे माझ्याहून फर्डे वक्ते याच व्यासपीठावरून बोलून गेलेत. बहुतेक व्याख्यानं जिथं संपतात तिथून मला आज सुरुवात करायची आहे. ऑपरेशन झालंय. केमो झालीय, डोक्यावर बारीक केस पुन्हा दिसायला लागलेत. घरचे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, मोठं होतं ते पार पडलं, आता काय, नुसता शेक राहिलाय.

त्या शेकाबद्दल आज बोलू. स्तनाला रेडिएशन दिल्यावर तिथली कातडी तापते, काळवंडते, सुजते, कधी सोलून ओली होते. हे का होतं, नेमकं कधी होतं, कधी थांबतं आणि त्यात घाबरण्यासारखं काय असतं, एवढाच माझा विषय. निमंत्रणपत्रिकेवर 'स्तन' हा शब्द छापावा की नाही यावर समितीत थोडी चर्चा झाली म्हणे. छापलात, आभारी आहे. कारण ज्या बायकांबद्दल मी बोलणार आहे त्यांचा निम्मा त्रास या संकोचातून येतो. हाताला भाजलं तर बाई शेजारणीला दाखवते. इथं भाजलं तर पदर ओढून घेते.

आता पहिला प्रश्न. गाठ काढली ना? मग किरण कशाला?

याला मागचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाल्टिमोरच्या विल्यम हाल्स्टेडनं एक ऑपरेशन रूढ केलं. पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकदम काढायचं. बाई वाचली तरी छाती खोलगट व्हायची आणि बरेचदा हात सुजायचा. पुढं जगभरच्या सर्जननी पाऊणशे वर्षं हेच केलं. मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलात जेफ्री कीन्स नावाचा सर्जन 1920 च्या दशकात वेगळी वाट धरून बघत होता. तो स्तनात रेडियमच्या सुया ठेवायचा आणि होता होईतो स्तन वाचवायचा. (हा अर्थशास्त्रज्ञ कीन्सचा धाकटा भाऊ. थोरल्याचं नाव कॉलेजात सगळ्यांनी घोकलं, धाकट्याचं कोणाला ठाऊक नाही.) त्या काळच्या बड्या सर्जनना ते पटलं नाही.

पटायला मोठे अभ्यास लागले. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसींनी 1973 ते 1980 या काळात 701 बायकांची दोन गटांत विभागणी केली. एका गटात हाल्स्टेडचं ऑपरेशन, दुसऱ्यात स्तनाचा थोडाच भाग काढून वर रेडिएशन. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी असाच अभ्यास चालवला. वीस वर्षांनी, 2002 मध्ये, दोन्हींचे निकाल एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. स्तन राखलेल्या बायका आणि स्तन काढलेल्या बायका, दोघी सारख्याच जगल्या. फिशर यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. नुसती गाठ काढून रेडिएशन दिलं नाही, तर वीस वर्षांत शंभरातल्या 39 जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली. रेडिएशन दिलेल्यांमध्ये हा आकडा 14 होता.

म्हणून किरण. डोळ्यांना न दिसणाऱ्या उरल्यासुरल्या पेशींसाठी. आपल्याकडे आजार पुढं गेल्यावर येणाऱ्या बायका पुष्कळ, त्यामुळे स्तन पूर्ण काढल्यावरही अनेकींना छातीच्या भिंतीला आणि काखेला रेडिएशन लागतं. मी जे सांगणार आहे ते त्यांनाही जसंच्या तसं लागू आहे.

आता कातडीकडे वळू.

रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले 1895 च्या अखेरीस. किरणांनी माणूस भाजतो हे कळायला फार वेळ लागला नाही. हेन्री बेकेरेल रेडियमची नळी जाकिटाच्या खिशात घालून फिरला आणि काही दिवसांनी खिशामागच्या कातडीवर भाजल्याचा डाग उठला. पिएर क्यूरीनं ते ऐकून मुद्दाम स्वतःच्या दंडावर किरणोत्सारी पदार्थ बांधून ठेवला आणि जखम कशी होते, कशी भरते, याची रोजच्या रोज नोंद केली. 1901 मध्ये दोघांनी मिळून ते प्रसिद्ध केलं. त्या निबंधातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे उशीर. तव्याला बोट लागलं तर त्या क्षणी कळतं. किरणांनी भाजलेलं त्या क्षणी काहीच कळत नाही.

का कळत नाही? आपल्या कातडीच्या वरच्या पापुद्र्यातल्या पेशी मेलेल्या असतात. त्या रोज झडतात आणि खालून नव्या येतात. सगळ्यात तळाचा थर ही रोपवाटिका. किरणांचा घाव बसतो तो तिथल्या रोपांवर. वरचं शेत काही आठवडे हिरवंच दिसतं. आधी तयार झालेल्या पेशी वर सरकत राहतात, खालून भरपाई कमी पडत जाते, आणि मग एके दिवशी वरचा थर विरळ होतो. दरम्यान दुखावलेल्या पेशी रासायनिक इशारे सोडतात, बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून पाणी झिरपतं, भाग गरम लागतो, ठणकतो. याला आम्ही दाह म्हणतो. हा जंतुसंसर्ग नसतो. कोणी चूक केलेली नसते. हे ठरल्या वेळेला येतं आणि ठरल्या वेळेला जातं.

ही ठरलेली वेळ समजली की पुढचं सगळं सोपं जातं. ती नीट लक्षात ठेवा.

पहिले दहा-बारा दिवस फारसं काही नाही. थोडं जड वाटेल, खाज येईल. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, तिसऱ्यात, रंग बदलतो. पाठ्यपुस्तकात लिहिलंय, 'फिकट लाली', पुढची पायरी 'गडद लाली'. ती पुस्तकं ज्या बायकांना बघून लिहिली त्या गोऱ्या होत्या. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली कुठं शोधणार? आपल्याकडे आधी कातडी कळाहीन दिसते, मग जांभळट, मग काळी. केसांच्या मुळांशी काळे ठिपके उठून दिसतात. नवा डॉक्टर कागदावर लिहितो, 'लाली नाही', आणि बाई म्हणत असते, डॉक्टर, आग आग होतेय. अशा वेळी डोळ्यांवर विसंबू नका. हाताची पालथी बाजू आधी चांगल्या स्तनाला लावा, मग दुसऱ्याला. उष्णतेतला फरक हाताला लगेच कळतो. मी विद्यार्थ्यांना हे करायला लावते. आधी ते लाजतात, पण नंतर त्यांना कळतं.

सगळ्यात जास्त कुठं? दोन ठिकाणी. स्तनाखालच्या घडीत आणि काखेत. याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. या मोठ्या यंत्रांतून येणाऱ्या किरणांचा पूर्ण जोर कातडीवर पडत नाही, थोडं आत गेल्यावर पडतो. कोबाल्टच्या यंत्रात सुमारे अर्धा सेंटिमीटर आत, लिनिअर ॲक्सिलरेटरवर नेहमीच्या ऊर्जेला सुमारे दीड सेंटिमीटर आत. त्यामुळे वरची कातडी बऱ्यापैकी वाचते. पण घडीत कातडीवर कातडी टेकलेली असते. एकीचं पांघरूण दुसरीला होतं आणि ही बचत संपते. त्यात घाम आणि घासणं. स्तन मोठे असतील, वजन जास्त असेल, बाई विडी-सिगारेट ओढत असेल, तर त्रास वाढतो. साखर ताब्यात नसेल तर फुटलेली कातडी भरायला वेळ लागतो.

मग पापुद्रे निघतात, उन्हानं सोलल्यावर निघतात तसे. काहींना त्याच्या पुढचं होतं. पापुद्रा निघून खालचा भाग ओला, गुलाबी, पाणी सुटलेला दिसतो. याला आम्ही ओली साल जाणं म्हणतो. कापड चिकटतं. ते ओढलं की कळ मस्तकात जाते.

आणि आता मी ज्यासाठी इथं आले तो मुद्दा. हे सगळं शिगेला कधी पोचतं? उपचार चालू असताना नव्हे. उपचार संपल्यावर. शेवटच्या सिटिंगनंतर एक ते दोन आठवड्यांत.

पूर्वी स्तनाचं रेडिएशन पाच आठवडे चालायचं. 25 सिटिंग, एकूण 50 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक). शेवटच्या दोन आठवड्यांत त्रास सुरू व्हायचा तेव्हा बाई रोज आमच्यासमोर टेबलावर झोपत होती. टेक्निशियन बघत होता, सिस्टर बघत होती. मग ब्रिटनमधल्या 'स्टार्ट' अभ्यासांनी दाखवून दिलं की 15 सिटिंगमध्ये 40 ग्रे दिले तरी कॅन्सर तितकाच आटोक्यात राहतो, आणि कातडीचा त्रास उलट कमी होतो. तीन आठवड्यांत काम उरकलं. 2020 मध्ये 'फास्ट-फॉरवर्ड' अभ्यास आला. चार हजारांवर बायका, पाच सिटिंग, 26 ग्रे, एक आठवडा. पाच वर्षांनंतरचे निकाल तोडीस तोड. मुंबईला परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात येऊन, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम ठोकून उपचार घेणाऱ्या बाईचे किती दिवस, किती पैसे वाचले याचा हिशेब करा. माझा या छोट्या कोर्सला शंभर टक्के पाठिंबा आहे. गैरसमज नको.

पण एक झालं. पूर्वी आमच्या डोळ्यांसमोर होणारा दाह आता तिच्या घरी होतो. कोर्स छोटा झाला, कातडीचं वेळापत्रक तेच राहिलं. शेवटची सिटिंग झाली, बाईनं सिस्टरला पेढे दिले, एस.टी. पकडली, आणि खरी आग गावी गेल्यावर सुरू झाली.

जतकडची एक बाई आठवते. तीन आठवडे शहरात चुलतबहिणीकडे राहिली. रोज येताना हसायची. शेवटच्या दिवशी कातडी काळपट, थोडी कोरडी, बास. ठरल्याप्रमाणे दीड महिन्यांनी तपासायला आली तेव्हा सगळं भरलं होतं. मी म्हटलं, छान आहे. तर ती रडायला लागली. घरी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी घडीतली साल गेली होती. घरात सासरे, दीर, मोठी मुलं. उघडं ठेवायला जागा नाही. पोलक्याचं कापड चिकटायचं म्हणून जुन्या धोतराची घडी खाली धरून ती रात्रभर भिंतीला टेकून बसायची. गावातल्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग समजून पाच दिवस इंजेक्शनं दिली. जावेनं विचारलं, शेक देऊन भाजलं का गं तुला? तिच्या हातात हॉस्पिटलनं दिलेला कागद होता. तो इंग्रजीत होता आणि त्यात यातलं एक अक्षर नव्हतं.

ती दुखलं म्हणून रडत नव्हती. ती म्हणाली, "मला वाटलं, परत आलं. म्हणून कुणाला सांगितलंच नाही."

दाह हा दाह आहे हे माहीत नसलेली बाई त्याला कॅन्सर समजते. एवढं एक वाक्य तिला आधी कुणी सांगितलं असतं, 'घरी गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात वाढेल, मग दोन-तीन आठवड्यांत भरेल', तर जखम तीच राहिली असती, पण त्या रात्री वेगळ्या गेल्या असत्या. हे सांगायला यंत्र लागत नाही. वेळ लागतो दोन मिनिटं. आपल्या सरकारी हॉस्पिटलांच्या ओपीडीत ती दोन मिनिटं कुठून आणायची हा प्रश्न खरा आहे, मला तो मान्य आहे. पण मराठीत छापलेला एक पानाचा कागद? त्याला काय लागतं?

बरं, करायचं काय? लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात ते हेच, त्यामुळे इथं जरा थांबते.

आंघोळ करायची. हो, करायची. 'पाणी लागू देऊ नका' हे जुनं झालं. कोमट पाणी, सौम्य साबण, हातानं. घासणी नको, कडक पाणी नको. टॉवेलनं पुसायचं नाही, टिपायचं. मार्किंगच्या रेघा पुसू नयेत म्हणून काही बायका महिनाभर त्या बाजूला पाणी लावत नाहीत आणि घामानं घडीत बुरशी येते. रेघा जपायच्या कशा ते टेक्निशियनला विचारा. पुष्कळ ठिकाणी आता गोंदणाचे बारीक ठिपके देतात, ते जात नाहीत. साधं डिओडरंटही चालतं, त्यावर अभ्यास झालेत. पावडर नको, ती ओलाव्यात गोळा होऊन घासते.

ब्रेसिअर घडीला काचत असेल तर बाजूला ठेवा. सैल, सुती, जुनं, बऱ्याच धुण्यांनी मऊ झालेलं कापड. घडीत मलमलचा स्वच्छ तुकडा ठेवा आणि तो दिवसातून दोन-तीनदा बदला. रात्री दार लावून अर्धा तास हवा लागू द्या. घरात दार लावायला खोली आहे का, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर औषधात नाही. नवरा असेल तर त्यानं तेवढं बघावं. इथं मागच्या रांगांत बसलेल्या पुरुषांसाठी हे वाक्य आहे.

आता हळद. मला ठाऊक होतं, हळद म्हटलं की सभागृहात हालचाल होणार. हळदीवर गंभीरपणे काम झालंय. अमेरिकेत रॉचेस्टरला एका छोट्या अभ्यासात स्तनाचं रेडिएशन घेणाऱ्या तीस बायकांत हळदीतल्या कर्क्युमिनच्या गोळ्या घेणाऱ्यांना कातडीचा त्रास कमी झालेला दिसला. बातम्या झाल्या. त्याच मंडळींनी प्रामाणिकपणे सहाशेवर रुग्णांचा मोठा अभ्यास केला, तेव्हा तो फायदा ठामपणे दिसला नाही. मंगळूरला हळद आणि चंदनतेलाच्या तयार क्रीमचा डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर अभ्यास झाला, त्यात थोडा गुण दिसला. म्हणजे दार बंद झालेलं नाही. पण फुटलेल्या ओल्या कातडीवर घरातली दळलेली हळद भरू नका, ती निर्जंतुक नसते. तूप, लोणी, कोलगेट, कापूर, सगळं याच यादीत. कोरफड लावल्यानं गार वाटतं, दाह कमी होत असल्याचं मात्र सिद्ध झालेलं नाही.

सिद्ध काय झालंय? मोमेटासोनसारखं स्टिरॉइड क्रीम पहिल्या सिटिंगपासून दिवसातून एकदा पातळ लावलं तर खाज, आग आणि सालटं कमी होतात. हे डॉक्टरांनी लिहून द्यायचं, न फुटलेल्या कातडीवर, ठरलेल्या मुदतीपुरतं. आपल्याकडे मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या तीन-तीन औषधांच्या मिसळीच्या ट्यूब असतात, खाजेवर सगळ्यांच्या घरात असतात त्या. त्या यासाठी नाहीत. कातडीवर चिकटवून ठेवायची एक मऊ सिलिकॉनची फिल्म आहे. कॅनडातल्या अभ्यासात ती लावलेल्यांमध्ये ओली साल जाण्याचं प्रमाण न लावलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी होतं. महाग आहे. अगदी अलीकडे न्यूयॉर्कमध्ये दिसलं की नाकात आणि कातडीवर स्टॅफिलोकोकस जंतू बाळगणाऱ्यांना त्रास जास्त होतो, आणि नाकात मलम व अंगाला जंतुनाशक साबण वापरून तो बराच टाळता येतो. हे मला फार आशादायक वाटतं, कारण मलमाची ट्यूब आणि साबणाची बाटली तालुक्यालाही मिळते. साल गेलीच तर चिकटणार नाही असं ड्रेसिंग, लागेल तिथं सिल्व्हरचं मलम, वेदनाशामक गोळी. आणि घडीत खाज असून कडेला बारीक पुळ्या दिसल्या तर ती बुरशी, तिचं औषध वेगळं.

यंत्राच्या बाजूनंही खूप करता येतं. किरणांची मात्रा स्तनात सगळीकडे सारखी पडावी असं नियोजन केलं, तर ओली साल जाण्याचं प्रमाण कॅनडाच्या एका अभ्यासात 48 टक्क्यांवरून 31 वर आलं. डाव्या बाजूला श्वास रोखून किरण देतात ते हृदय वाचवायला. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे, आज नको.

आतापर्यंत बोलले ते वरच्या कातडीचं. आतली सूज ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल तर कोणीच बोलत नाही.

ऑपरेशननं काखेतल्या गाठी गेल्या, किरणांनी लसिकावाहिन्या आक्रसल्या, की स्तनातलं पाणी उतरायला वाट राहत नाही. कातडी बरी झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी स्तन जड वाटायला लागतो. संध्याकाळी पोलकं काढलं की शिवणीचे खोल वळ दिसतात. दुसऱ्या बाजूला ते इतके खोल नसतात. कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसते. खाली जास्त, कारण पाणी खाली उतरतं. हे सहा महिने, वर्ष, कधी दीड वर्षही राहतं आणि बहुतेकींमध्ये हळूहळू कमी होतं. आधार देणारी पण न काचणारी ब्रेसिअर, खांद्याचे व्यायाम आणि लसिकेचा मसाज शिकवणारी फिजिओथेरपिस्ट यांचा उपयोग होतो. काहींमध्ये आतला भाग घट्ट होतो, स्तन थोडा आकसतो, कातडीवर बारीक लाल शिरांचं जाळं उमटतं. तो धोका नाही.

मग धोका कशात? जे वेळापत्रकाबाहेर आहे त्यात.

समजा रेडिएशन संपून चार-सहा महिने झालेत, कातडी भरून स्वच्छ झालीय, आणि एका दिवसात स्तन लाल-जांभळा, गरम, ताठ झाला, थंडी वाजून ताप आला. हा किरणांचा दाह नाही. सुजलेल्या स्तनात जंतू सहज शिरतात. हा सेल्युलायटिस. त्याच दिवशी डॉक्टर, त्याच दिवशी प्रतिजैविक. एकदा झाला की परत होण्याची शक्यता असते. म्हणून त्या भागातली खरूज, ओरखडे, घडीतली बुरशी वेळेवर बघायची.

समजा प्रतिजैविकाचा पूर्ण कोर्स झाला आणि लाली तशीच आहे, पसरतेय, कातडी जाड होतेय, ताप नाही. इथं थांबायचं नाही. दाहासारखा दिसणारा कॅन्सर असतो, त्यात गाठ हाताला लागतेच असं नाही. कातडीचा तुकडा काढून तपासायला सांगा. डॉक्टर म्हणाले, रेडिएशनचंच असेल, तरी विचारा, 'कधी संपलं होतं?' महिन्यापूर्वी संपलं असेल तर त्यांचं म्हणणं बरोबर असेल. वर्षापूर्वी संपलं असेल तर तपासणी हवी.

आणखी एक विचित्र प्रकार आहे. रेडिएशन संपून महिने झालेत, नवी केमो सुरू झाली, आणि जिथं किरण दिले होते तेवढीच चौकट पुन्हा पेटते. कडा अगदी रेघ मारल्यासारख्या. 1959 मध्ये अमेरिकेत हे पहिल्यांदा नोंदवलं गेलं. डॉक्सोरुबिसिन, टॅक्सेन गटातली औषधं, जेमसायटाबिन यांनी होऊ शकतं. दिसायला भयंकर, पण औषध थांबवलं किंवा स्टिरॉइड दिलं की बहुधा शमतं. मात्र केमोच्या डॉक्टरांना आधीच्या रेडिएशनची माहिती हवी. दोन हॉस्पिटलं असतील तर ती माहिती फक्त बाईच्या पिशवीत असते. ती पिशवी जपा.

कोरडा खोकला, बारीक ताप, चढताना दम, आणि रेडिएशन संपून एक ते सहा महिने झालेत? स्तनामागचं फुप्फुस सुजलेलं असू शकतं. थोड्याच जणींना होतं, पण टीबी समजून औषधं सुरू होतात. फोटो काढताना रेडिएशनचा कागद दाखवा.

आणि पाच-दहा वर्षांनी त्याच कातडीवर मुका मार लागल्यासारखा जांभळा डाग, मार लागलेला नसताना. हजारात एखादीला किरणांमुळेच रक्तवाहिन्यांचा कॅन्सर होतो. एखादीलाच, म्हणून रेडिएशन नाकारायचं कारण नाही. फिशर यांचे 39 आणि 14 आठवा. पण डाग दिसला तर महिना वाट बघत बसू नका.

कार्यवाह घड्याळाकडे बघताहेत. बायकांकडून प्रश्न चिठ्ठीवर मागवावेत अशी माझी अट होती, कारण माईक हातात घेऊन हे कोणी विचारत नाही. पुष्कळ चिठ्ठ्या आल्यात, तीनच घेते.

पहिली. 'शेक चालू असताना लहान मुलांजवळ गेलं तर त्यांना बाधतं का?' नाही. बाहेरच्या यंत्रातून दिलेले किरण यंत्र बंद झालं की संपले. अंगात काही साठत नाही. ताट, टॉवेल, अंथरूण, काही वेगळं नको. ही समजूत घरातल्या थोरांना नीट सांगा, कारण बायकांची ताटं खरोखर वेगळी केली जातात.

दुसरी. 'काळेपणा जातो का?' बराच जातो, हळूहळू. महिने लागतात. स्तनाग्राभोवती थोडा राहू शकतो. गोरेपणाची क्रीमं लावू नका, त्या कातडीला ती झोंबतात. ऊन टाळा.

तिसरी कोणा तरुण मुलीची असावी. 'पुढं मूल झालं तर पाजता येईल का?' ज्या स्तनाला किरण दिलेत त्यात दूध फार थोडं येतं किंवा येतच नाही, आणि तिथं दुधाची गाठ होऊन संसर्ग झाला तर बरा व्हायला वेळ लागतो. म्हणून त्या बाजूनं जबरदस्ती करायची नाही. दुसऱ्या बाजूनं पाजायला हरकत नाही, एका स्तनाच्या दुधावर मूल व्यवस्थित वाढतं. फक्त टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या चालू असताना पाजायचं नाही, आणि गोळ्या कधी, किती दिवस थांबवायच्या हे दिवस राहायच्या आधी तुमच्या डॉक्टरांबरोबर ठरवायचं.